आल्टम्यूलकाठी सासूबाईंची परीक्षा

ब्रेक तपासणं हा माझा धंदा आहे. जर्मनीत इंगोलश्टाटजवळ गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत मी गेली अकरा वर्षं हेच करते. ओल्या रस्त्यावर, कोरड्या रस्त्यावर, बर्फावर गाडी किती अंतरात थांबते ते बघायचं आणि ठामपणे सांगायचं. त्यामुळे काय कधी थांबवावं याबद्दल माझं मत कुणाला मागावं लागत नाही. ते मी आधीच दिलेलं असतं.

सासूबाईंची सायकल थांबवावी, हे मतही मीच दिलं होतं.

सासूबाई वर्धा जिल्ह्यातल्या निवृत्त नर्सबाई. उपकेंद्रातली नोकरी, वाट्याला आलेली सात-आठ गावं, कॅरिअरवर लशींचा डबा आणि तीस वर्षं वाहन एकच, सायकल. निवृत्तीनंतरही बाजार, बँक, विहार, मैत्रिणी सगळं सायकलवरच. गेल्या वर्षी एका वळणावर त्या घसरल्या आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालून त्या नागपूरला मोठ्या दिरांकडे राहायला गेल्या, तेव्हा आमचा व्हिडिओ कॉल झाला. तिकडे दीर आणि जाऊबाई, इकडे आम्ही दोघं. मी मीटिंगच्या सुरात म्हणाले, "या वयात रिस्क नकोच. सायकल बंद." तिघांनी माना हलवल्या. जिची सायकल तिला कॉलवर घ्यावं, हे आमच्यापैकी कुणालाही सुचलं नाही. दिरांनी गावाहून सायकल आणवली आणि आपल्या पार्किंगमध्ये टाकून दिली.

सासूबाई भांडल्या नाहीत. त्यांनी बाहेर जाणंच सोडलं. मनगट जुळलं, त्या गावी परतल्या, पण बाजाराला शेजारीण जाईल तेव्हा जायचं, विहारात कुणी गाडीवरून नेलं तर जायचं. या उन्हाळ्यात तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आल्या, तर इथेही नुसत्या बाल्कनीत बसून. आमच्या शेजारच्या आजी ऐंशीच्या पुढच्या आहेत. रोज सकाळी त्या टोपली लावलेल्या सायकलवरून ब्रेड आणायला जातात. त्यांना जाताना बघून सासूबाईंनी एकदा मला विचारलं, "हिच्या पोरांनी हिला काही म्हटलं नाही का वं?"

त्या रात्री मला स्वतःच्याच मताची शंका आली. असं माझ्याबाबतीत फारसं होत नाही.

मग मी नवऱ्याशी सौदा केला. आल्टम्यूल नदीच्या काठाने एक रस्ता जातो. त्यावर मोटारींना बंदी आहे, मैलोन्मैल बारीक खडी, एका अंगाला नदी आणि दुसऱ्या अंगाला कुरणं. मी आणि आमची बारा वर्षांची मुलगी तिथे रविवारी सायकली घेऊन जातो. म्हटलं, एक रविवार आईंना नेते. मी मागेपुढे राहून बघेन. नीट चालवली तर तू दादांना फोन करायचास आणि सायकल परत द्यायला लावायची. डळमळल्या, पडल्या, तर विषय कायमचा संपला. नवरा म्हणाला, "आणि निकाल कोण देणार?" मी म्हणाले, "मी. दुसरं कोण?"

सासूबाईंना अटी सांगितल्या. त्यांनी फक्त "बरं" म्हटलं आणि नऊवारीतल्या बाईनेही लाजावं अशा चपळाईने सलवारीचे पाय घोट्याशी रबराने बांधले. शेजारच्या आजींनी आपली सायकल आनंदाने दिली. बॅटरीवाली भाड्याने आणू का, असं मी विचारलं होतं. "गाडीच हाकायची तर सायकल काहून म्हणायचं तिला?" असं म्हणून त्यांनी तो विषय मिटवला.

आइश्टेट गावाच्या बाहेर नवऱ्याने आम्हाला उतरवलं, सायकली रॅकवरून काढून दिल्या आणि तो गाडी घेऊन पुढे किपफेनबेर्गला गेला. तिथे आम्हाला गाठायचं होतं. रस्ता सुरू झाला तशा सासूबाई खाली वाकल्या, चिमूटभर खडी बोटांत चोळली.

"हा तर मुरूम आहे बाप्पा. पांढरा मुरूम."

आणि निघाल्या. सीट थोडी उंच होती, पायडलचे पहिले दोन-चार फेरे हॅंडल लटपटलं. मी ते मनात टिपून ठेवलं. त्यानंतर टिपण्यासारखं काही सापडेना. त्या हळू चालवत, पण एका लयीत. खडी सैल दिसली की पायडल थांबवून चाक आपलं आपण जाऊ देत. उतार आला की सरळ खाली उतरून सायकल हातात धरत. लशीच्या डब्यातला बर्फ हिंदकळू नये म्हणून लागलेली सवय, असं त्यांनीच सांगितलं. वाटेत बदकं आडवी आली तर घंटी वाजवून थांबल्या, शेवटचं पिल्लू नदीत उतरेपर्यंत. वर चुनखडीचे पांढरे कडे, उतारावर मेंढ्या, आणि मधून या बाई अशा चाललेल्या की जणू पुढच्या गावात कुणाचा तरी डोस राहिलाय.

माझी मात्र शिकवणी अखंड चालू होती. "अहो आई, उजवीकडून! इथे सगळं उजवीकडून असतं. आई, डावीकडे सरकताय!" त्या निमूट उजवीकडे येत आणि थोड्या वेळाने पुन्हा डावीकडे जात. मोटारींच्या रस्त्यावर समोरची गाडीच आपल्याला बाजू सांगते. इथे सांगायला कुणी नव्हतं, मग तीस वर्षांची सवय आपली बाजू धरत होती. मुलगी मागून जर्मनमध्ये कुरकुरली, "ममा, तिला चालवू दे ना." ती मराठी सगळं समजते आणि उत्तर जर्मनमध्येच देते. मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं.

पुढच्या वळणावर मी मान मागे वळवली आणि पुन्हा ओरडले, "रेष्ट्स! उजवीकडे, आई!"

मान पुढे केली तर समोरून एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ सायकलवरून येत होते, आणि मी रस्त्याच्या मधोमध. ते त्यांच्या उजवीकडे वळले. मी माझ्या डावीकडे. म्हणजे आम्ही दोघंही एकाच कडेला. ज्या देशात मी चौदा वर्षं उजवीकडून गाडी हाकली, जिथलं लायसन्स पहिल्या फटक्यात काढलं, तिथे ऐन वेळी माझे हात नागपूरच्या रस्त्यावर गेले. वर मी पुढचा ब्रेक दाबला. सैल खडीवर पुढचा ब्रेक दाबू नये, हे मी लोकांना पगार घेऊन सांगते.

लोका सांगे ब्रह्मज्ञान! मी गुडघ्यावर आणि तळहातावर आपटले, सायकल माझ्या अंगावर, आणि दाढीवाले आजोबा गवतात बसलेले.

सासूबाई सायकल स्टँडवर लावून आल्या. आधी आजोबांकडे गेल्या. त्यांचं कोपर वाकवून बघितलं, डोळ्यांत डोळे घालून मराठीत विचारलं, "चक्कर येते का?" मुलीने ते जर्मनमध्ये सांगितलं. आजोबांनी नकारार्थी मान हलवली आणि अगदी सभ्यपणे मला म्हणाले की बाई, इथे उजवीकडून चालवतात. मुलीने याचंही मराठी करून आजीला सांगितलं. मराठी बोलण्याची तिला एवढी हौस मी कधी पाहिली नव्हती.

मग सासूबाई माझ्याकडे आल्या. बाटलीतल्या पाण्याने गुडघा धुतला, एकेक खडा काढला, ओढणीची कड फाडून पट्टी बांधली. माझं मनगट दाबत विचारलं, "इथं दुखते? इथं?" मी एका दमात कसं झालं, खडी किती सैल होती, वळण कसं आंधळं होतं ते सांगत सुटले.

"मोडलं नाही," त्या म्हणाल्या. "मोडलं असतं तर एवढी बोलली नसती तू."

मला रडू आलं. दुखत होतं म्हणून नाही, लाज वाटली म्हणून. मी म्हणाले, "आई, तुमची सायकल बंद करा असं पहिल्यांदा मीच म्हणाले होते."

"माहीत आहे. फोन स्पीकरवर होता. मी मागं एका हातानं भाजी निवडत बसली होती."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"तुम्ही चौघं बोलून राहिले होते. मला कोणी विचारलं?"

त्यांनी माझ्या सायकलचं पुढचं चाक दोन गुडघ्यांत धरलं, वाकडं झालेलं हॅंडल हिसका देऊन सरळ केलं आणि म्हणाल्या, "चाल आता. हळू चालव. मी पुढं राहते."

उरलेला रस्ता त्या पुढे, मी मागे. मी एकदाही तोंड उघडलं नाही, आणि त्या उजव्या कडेनेच चालवत होत्या.

किपफेनबेर्गला नवरा गाडीबाहेरच उभा होता. पट्टी, रक्त बघून धावत आला, तो थेट आईकडे. "आई, पडलीस?"

"मी नाही. ही परीक्षा घेणारी पडली."

त्याने माझ्याकडे बघितलं, गुडघा बघितला आणि सुटकेने हसायलाच लागला. "तू? ब्रेकवाली तू?"

मी म्हणाले, "हो, मी. मग आता माझी सायकल बंद करायची ना?"

"तुझी काय म्हणून बंद करायची? एकदा पडलीस म्हणून? वेडी आहेस का?"

बोलून गेल्यावर तो थांबला. मुलगी रॅकला सायकल लावत होती. तिने वळूनही न बघता जर्मनमध्ये म्हटलं, "आजीची तर केलीत."

नवऱ्याचे कान लाल झालेले मी लग्नानंतर पहिल्यांदाच पाहिले. मलाही त्याला टोमणा मारावासा वाटला नाही, कारण त्या कॉलवर त्याने फक्त मान हलवली होती, बोलले होते मी. त्याने खिशातून फोन काढला. "म्हणजे... मी बोलतो दादाशी. तुला सायकल द्यायची की नाही ते आम्ही..."

"आण इकडे," सासूबाई म्हणाल्या आणि फोन त्याच्या हातातून घेतला. रिंग गेली. स्पीकरवर दिरांचा घाबरा आवाज आला, "काय झालं? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. मी पुढच्या महिन्यात येते. त्याच्या आधी माझी सायकल गावी पोचती कर."

"अगं, पण आई, आपण एकदा सगळे मिळून बसू, नीट विचार करू, मग..."

"विचारून नाही राहिली मी," सासूबाई म्हणाल्या. "सांगून राहिली."