शहाऐंशी दातांचा गियर

नीलकंठ मुळे बावन्नाव्या वर्षी घरी बसले. देवासच्या एका कारखान्यात ते चोवीस वर्षं टूलरूममध्ये, म्हणजे मशीनचे सुटे भाग घडवणाऱ्या खात्यात होते. मग कारखान्यानं टूलरूमच बंद केली. सुटे भाग बाहेरून येऊ लागले, आणि माणसांपुढे स्वेच्छानिवृत्तीचे कागद ठेवले गेले. मुळेकाकांनी सही केली, लॉकर रिकामा केला आणि सायकलनं घरी आले.

आमची घरं समोरासमोर. मी मराठीत एम.ए. करून इंदूरहून परतलो होतो. मलाही काम नव्हतं. त्यांच्या ओट्यावर बसून आमची मैत्री झाली. मी त्यांच्याहून जवळजवळ तीस वर्षांनी लहान.

वर्षभर त्यांनी अर्ज केले. मुलाखतीला सगळीकडे एकच प्रश्न. कॉम्प्युटरवरची मशीन येते का? काका म्हणायचे, शिकून घेईन. समोरचा माणूस त्यांच्या पांढऱ्या मिशीकडे बघायचा. मुलाखत संपायची.

२००७च्या जानेवारीत पीथमपूरहून बोलावणं आलं. बोलावणारा रणवीर धारच्या एका जुन्या सरदार घराण्यातला. वय पस्तीस. पीथमपूरला त्याचं गियर कापायचं युनिट होतं. तो नवी टूलरूम काढणार होता आणि तिला इनचार्ज हवा होता. काकांना वाटलं, ही शेवटची संधी.

त्यानं सर्टिफिकेटं उघडलीसुद्धा नाहीत. टेबलाखालून एक ट्रक काढला. हातभर लांब, जाड रबरी चाकांचा, रिमोटवर चालणारा. सिंगापूरहून आणलेला. त्यात रणवीरनं दुप्पट ताकदीची मोटर बसवली होती. तेव्हापासून आतला मोठा प्लास्टिकचा गियर दर रविवारी दात गाळायचा. सुटे भाग इकडे मिळत नव्हते.

"मुळेजी, हा गियर टिकवून दाखवा," तो म्हणाला. "पंधरा दिवस घ्या. धारला माझ्या शेतावर चढाचा ट्रॅक आहे. दहा फेऱ्या. गियर शाबूत राहिला तर टूलरूम तुमची."

काका ट्रक पिशवीत घालून घरी आले. नलिनीकाकू दारातच उभ्या होत्या.

"अहो, मुलाखतीला गेला होतात की जत्रेला?"

"ही मुलाखतच आहे," काका म्हणाले.

त्यांनी ट्रक उघडला. गियरला शहाऐंशी दात होते. माप आपल्या मिलिमीटरच्या हिशेबात बसेना. दोन दिवस ते व्हर्नियर घेऊन बसले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हे इंचाचं काम आहे." मग तसा कटर त्यांनी स्वतः घासून केला.

गियर कापायला आम्ही स्टेशनजवळ फत्तेसिंगच्या वर्कशॉपमध्ये गेलो. फत्तेसिंग काकांचा जुना दोस्त. तोंडात गुटखा, कानावर पेन्सिल.

"क्या मुळे भिया, अब खिलौने बनाओगे?"

"तुझं डिव्हायडिंग हेड दे आणि गप्प बस."

डिव्हायडिंग हेड म्हणजे चकती सारख्या भागांत फिरवणारं यंत्र, त्याला त्रेचाळीस भोकांची प्लेट. दांडा वीस भोकं पुढे न्यायचा, एक दात कापायचा. पुन्हा वीस भोकं. असं शहाऐंशी वेळा. एकदा मोजणी चुकली की सगळं बाद. काका ओठ हलवून मोजत होते. दोन तास कुणी त्यांच्याशी बोललं नाही. फत्तेसिंगनं ग्राहक बाहेरच थांबवले.

शेवटचा दात पहिल्याला बरोबर येऊन मिळाला. गियर चांगल्या पोलादाचा होता. कडक व्हावा म्हणून त्याला तापवून पाणी दिलं, घासून चकचकीत केला.

"हा आता तुझ्या नातवापर्यंत तुटत नाही," काका म्हणाले.

"माझं लग्न झालेलं नाही," मी म्हणालो.

"मग तर बघायलाच नको."

देवासच्या टेकडीच्या मागे मुरमाचा उतार आहे. तिथं आम्ही ट्रक नेला. काकांचा हात रिमोटवर बसेना, म्हणून चालवायचं काम माझ्याकडे. पहिल्या तीन फेऱ्या सुंदर गेल्या. ट्रक मुरूम उडवत चढायचा. काका हसत होते. वर्षभरात मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

चौथ्या फेरीला मी उंचवट्यावर जोर तसाच ठेवला. ट्रक उडाला. चाकं हवेत भन्नाट फिरत होती, तशीच जमिनीला भिडली. आतून कडकन आवाज आला. मोटर फिरत राहिली. चाकं थांबली.

काकांनी तिथंच मातीत बसून ट्रक उघडला. पोलादाच्या गियरवर ओरखडाही नव्हता. पण मागची डिफरन्शियलची पेटी, दोन चाकांना ताकद वाटून देणारी, उभी चिरली होती. आतल्या चार छोट्या गियरांचा चुरा झाला होता.

ट्रक दुसऱ्याचा होता. तो भाग देशात मिळत नव्हता. नऊ दिवस उरले होते.

"माझी चूक, काका," मी म्हणालो.

त्यांनी चुरा वेचून रुमालात बांधला.

दोन दिवस ते चुऱ्याचे तुकडे जुळवून मापं घेत बसले. मग त्यांनी ओट्यावर काम पकडायची व्हाइस बसवली आणि कानस घेतली. तिरक्या दातांचे चार गियर, सुपारीएवढे, हातानं. दुपारी उन्हाकडे धरून बघायचे, पुन्हा घासायचे. पेटी अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कोरली. पाच दिवस गेले. त्यांच्या उजव्या अंगठ्याचं कातडं निघालं.

पाचव्या दिवशी काकू चहा घेऊन आल्या आणि तिथंच बसल्या.

"साहेबाला मोडल्याचं सांगू नका," त्या म्हणाल्या. "नवं बसवलंय ना? झालं. तुम्ही सांगायला जाल आणि तो म्हणेल, या माणसाच्या हातात मी मशीन कशी देऊ?"

"काकू बरोबर बोलतायत," मी म्हणालो. ट्रक मी मोडला होता. मला ते सोयीचंच होतं.

काका चहा पीत राहिले. मग म्हणाले, "पोलादाचा गियर मी लावणार नाही."

मला कळेना. "पण तो तर तुटला नाही."

"तेच तर. मोटर जोर करते, चाकं जमिनीला आपटतात. मधे कुणीतरी मार सोसायला हवा. प्लास्टिकचा गियर सोसत होता. मी तो पोलादाचा केला, मार मागे गेला. आता मागचं मजबूत केलंय. मग तो अॅक्सलमध्ये जाईल. तिथून मोटरमध्ये."

"हे आधी लक्षात नाही आलं?" मी विचारलं.

"कन्व्हेयरच्या पट्ट्याला पितळेची पिन असते. अडकलं की पिन तुटते, मशीन वाचते. मी स्वतः शेकड्यांनी केल्यात तसल्या पिना." त्यांनी कानस खाली ठेवली. "पण टूलरूमवाल्याला तुटलेली वस्तू दाखवली की तो पुढचं ऐकत नाही. पोलादाची करतो. खोड आहे आमची."

फत्तेसिंगकडे त्यांनी नायलॉनच्या रॉडमधून सहा चकत्या काढल्या. एकत्र आवळून दात कापले. पुन्हा शहाऐंशी वेळा वीस भोकं.

"पण त्यांची अट गियर टिकण्याची आहे," मी वर्कशॉपमध्ये म्हणालो.

"हो."

"हा तुटेल."

"कधीतरी तुटेल. दहा फेऱ्या निघतील असं बघायचं."

उरलेला वेळ त्यांनी त्यातच घातला. गियर किती जवळ बसवायचे, हे ते सिगरेटच्या कागदावरून ठरवायचे. ते सिगरेट ओढत नसत, कागदासाठी पाकीट ठेवत. कागद दोन गियरांच्या मधे धरायचा, गियर दाबून आवळायचे, कागद ओढून काढायचा. तेवढीच फट. मोटरपुढच्या क्लचचा नट अर्धा फेरा सैल केला, म्हणजे झटका बसला की क्लच थोडा घसरेल. शॉकअपमध्ये दाट तेल भरलं, म्हणजे ट्रक आपटणार नाही, बसेल. मी तीस-तीस वेळा तो उंचवट्यावरून उडवला. एक गियर बावीस फेऱ्या चालला. दुसरा सहाच.

"दहा फेऱ्यांपुरता पोलादाचा लावा ना," मी शेवटी म्हणालो. "तुमचा डिफरन्शियल तेवढ्या फेऱ्या काढेल. नंतर बदलून देऊ."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ते रागावले नव्हते. माझं त्यांना पटत होतं, असं मला दिसलं. त्याचीच मला भीती वाटली.

शनिवारी सकाळी आम्ही बसनं निघालो. इंदूरला गाडी बदलली. पिशवी काकांच्या मांडीवर होती. आत कुठला गियर होता, मला माहीत नव्हतं. मी विचारलं नाही. धार येईपर्यंत काका एकदाच बोलले. "खिडकी लाव, धूळ येतेय."

रणवीर शेतावर जीपला टेकून उभा होता. ट्रॅक आमच्या उतारापेक्षा वाईट होता. दगडी चढ, वर वळण, मग सरळ खाली उडी.

"आओ मुळेजी, दाखवा."

काकांनी ट्रक जीपच्या बॉनेटवर ठेवला, पण हात काढला नाही.

"साहेब, आधी दोन गोष्टी. एक, तुमचा डिफरन्शियल माझ्याकडून मोडला."

माझ्याकडून, असं ते म्हणाले. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही. मी बोलायला हवं होतं. मला जमलं नाही.

रणवीरचा चेहरा बदलला. "अरे यार, वो तो इंडिया में मिलता ही नहीं!"

"मी नवा केलाय. आत बसवलाय."

"आणि दुसरी?"

"गियर नायलॉनचा आहे. तुटू शकतो."

"मी काय मागितलं होतं?"

काकांनी खिशातून पोलादाचा गियर काढला आणि बॉनेटवर ठेवला. तो उन्हात चमकला.

"हा तुटणार नाही. पण बाकी सगळं तोडेल. डिफरन्शियल यानंच तोडला. हवा असेल तर तुम्ही लावा. मी लावणार नाही."

चोवीस वर्षांत या माणसानं कुठल्याच साहेबाला 'नाही' म्हटलं नव्हतं. हे त्यांनीच मला सांगितलं होतं, जरा अभिमानानं. मी बॉनेटकडे बघत राहिलो.

रणवीरनं पोलादाचा गियर उचलला, दातांवरून नख फिरवलं, खाली ठेवला. मग रिमोट घेतला.

"दहा फेऱ्या," तो म्हणाला.

त्यानं ट्रक रागानं चालवला. मी कधी चालवला नव्हता तसा. दगडावर जोर, वळणात जोर, उडीत जोर. एक. दोन. तीन. काका मोजत होते, ओठ हलवून. पाचव्याला ट्रक उलटा पडता पडता सावरला. सहा. सात. आठव्या उडीनंतर मोटर किंचाळली आणि ट्रक जागेवर थांबला.

"आठ," रणवीर म्हणाला.

काका आधीच चालायला लागले होते. ते ट्रॅकवर गुडघे टेकून बसले. चार स्क्रू काढले. दात गेलेला गियर काढून मातीत ठेवला, पिशवीतला दुसरा बसवला, कागद धरला, आवळलं, कागद ओढला. चार मिनिटं लागली असतील.

"राहिलेल्या दोन करून घ्या, साहेब."

रणवीरनं दोन केल्या. मग थांबलाच नाही. आणखी नऊ केल्या. मग ट्रक उचलून जीपवर आणला आणि मागची पेटी स्वतः उघडली. छोटे गियर तळहातावर घेतले, उन्हात धरले. 

"हाथ से?"

"कानशीनं."

"शर्त हरलात तुम्ही, मुळेजी."

"हो."

"टूलरूम नाही देऊ शकत. मी शब्द मोडला तर उद्या सगळेच सूट मागायला येतील." तो गियर अजून हातात खेळवत होता. "ह्या वर्षी कारखान्यात कन्व्हेयरचे माझे तीन गियरबॉक्स गेले. पिन सारखी तुटते म्हणून पोरांनी तिथं बोल्ट ठोकलेत. मला वाटायचं, शहाणपण केलं. मेंटेनन्सला याल?"

टूलरूमवाले मेंटेनन्सवाल्यांना ग्रीसवाले म्हणतात. काकाही म्हणायचे. त्यांच्याजवळ बसायचे नाहीत, डबासुद्धा वेगळा खायचे. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

"बोल्ट आधी काढायला सांगा," काका म्हणाले. "आजच. मी सोमवारी येतो."

परतताना त्यांना इंदूरपर्यंत झोप लागली. मान माझ्या खांद्यावर होती. अंगठ्याची पट्टी सुटली होती.

काकू दारात होत्या. त्यांनी आधी मला बघितलं, मग काकांना.

"मिळाली टूलरूम?"

"नाही. मेंटेनन्स."

काकूंनी काकांच्या हातातली पिशवी घेतली. ग्रीसवाल्यांबद्दल त्यांनीही चोवीस वर्षं ऐकलं होतं.

"डबा किती वाजता लागेल?"

"पहाटे पाचला. पहिली पाळी आहे."

त्या आत गेल्या. काकांनी ओट्यावर बसून बूट सोडले, आणि मग मी त्यांना म्हणालो की ट्रक मी मोडला हे सोमवारी साहेबांना सांगा.

"सांगायचं तर तू ये सांगायला," काका म्हणाले. "साडेपाचची बस आहे."

सोमवारी मी गेलो.