वळसंगच्या बाळाची काविळीची माळ

मी लहान मुलांच्या पोटाची आणि लिव्हरची डॉक्टर. पेशानेच संशयी. आई म्हणाली, बाळ नीट दूध पितंय, की मी आधी वजनकाटा बघते. आजी म्हणाली, शी पिवळीच होते, की मी लंगोट मागते. त्यामुळे या ग्रुपवरचे तुमचे गूढ अनुभव मी आजवर चहासोबत, गालातल्या गालात हसत वाचत आले. आता माझाच लिहितेय… हसायचं तर हसा.

आमचं हॉस्पिटल सोलापुरात, होटगी रोडला. गेल्या हिवाळ्यात वळसंगहून सुवर्णा नावाची मुलगी तिच्या लेकीला घेऊन आली. सोबत नवरा आणि सासू. सासूला घरचे अव्वा म्हणत, मग मीही म्हणू लागले. बाळ दीड महिन्याच्या पुढचं, डोळे पिवळेजर्द, आणि गळ्यात काविळीची माळ.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. ओल्या काड्यांना सरकगाठी मारून ही माळ करतात. ती दिवसेंदिवस लांबत जाते, आणि माळ उतरली की कावीळ उतरली असं मानतात. यात चमत्कार वगैरे काही नाही. काड्या वाळून बारीक होतात, गाठी सैल पडतात, माळ लांबते. नुसती खिळ्याला टांगली तरी लांबते. पालकांना दाखवायला मी तशी एक माझ्या केबिनमध्ये टांगलीच आहे.

"दुधनीहून आनलीया," अव्वा म्हणाल्या. "पन लांबायचं सोडून ही आखडायलीय की. मग सून म्हनली, डॉक्टरला दावू."

मी सुवर्णाकडे पाहिलं. ती खाली मान घालून बसलेली. माझ्या लगेच लक्षात आलं – सासू दवाखान्यात येऊ देत नसणार, म्हणून हिनेच गुपचूप गाठी आवळल्या. मनातल्या मनात पोरीला शाबासकी दिली.

माळ काढली, लंगोट मागितला. शी पांढरट, खडूसारखी.

"दूधच पिती, मग पांढरीच करनार की," अव्वा म्हणाल्या.

तसं नसतं. पित्त आतड्यात उतरलं तरच शीला रंग येतो. सोनोग्राफी आणि रक्ताचे रिपोर्ट आले आणि माझी भीती खरी ठरू लागली. पित्त वाहून नेणाऱ्या नळ्याच बंद दिसत होत्या. यावर ऑपरेशन लागतं, तेही बाळ दोन महिन्यांचं व्हायच्या आत झालेलं बरं. उशीर केला की लिव्हर हातचं जातं. पुण्याला ताबडतोब हलवायला हवं होतं.

अव्वा अडून बसल्या. "एवढ्याशा जीवाचं पोट फाडायचं? न्हाय." मुलगा आईच्या शब्दाबाहेर नव्हता. मी समजावलं, चिडले, आवाजही चढवला… शेवटी तोडगा अव्वांनीच काढला.

"माळ तुमच्याकडं कुलपात ठेवा, म्याडम. आमच्यातलं कुनीबी हात लावनार न्हाय. उद्या सकाळी जराबी लांबली असंल तर आमी घरी जानार. आखडली तर तुमी म्हनाल तितं."

म्हणजे संशय त्यांनाही सुनेचाच होता.

मी कबूल झाले. पण माळ लांबणार हे मला पक्कं माहीत होतं. लांबतेच ती. मग ठरवलं, सकाळी सगळ्यांच्या आधी यायचं आणि आपणच गाठी आवळायच्या. खोटं तर खोटं, पोर वाचली पाहिजे. माळ माझ्या माळेशेजारी टांगली. बाळाच्या छातीपर्यंत येईल एवढी होती. कुलूप लावलं, एकुलती एक किल्ली पर्समध्ये टाकली.

सकाळी केबिन उघडली. माझी माळ होती तशीच लोंबत होती. शेजारची बांगडीएवढी झाली होती. एकही काडी तुटलेली नाही, गाठी इतक्या गच्च की नखाने हलेनात. मी हातसुद्धा लावला नव्हता.

अव्वांनी ती पाहिली. मग माझ्या बोटांकडे पाहिलं, मग तोंडाकडे. गाठी मीच आवळल्या असं त्यांना वाटलं, आणि मी ते वाटू दिलं. पण बाई शब्दाला जागल्या. मुलाला म्हणाल्या, "गाडी सांग."

ते पुण्याला गेल्यावर मी सिस्टरना फैलावर घेतलं, वॉचमनला घेतलं, दारासमोरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघितलं. मी कुलूप लावल्यापासून मीच उघडेपर्यंत त्या दाराकडे कुणी फिरकलं नव्हतं.

ऑपरेशन वेळेत झालं. शीला रंग आला, डोळे निवळले. या मुलांना पुढेही जपावं लागतं, पण परवा तपासणीला आली तेव्हा पोरगी टेबलावर बसून माझा स्टेथोस्कोप ओढत होती. सुवर्णा एकटीच आली होती, म्हणून विचारून टाकलं. "आता खरं सांग. घरी गाठी तूच आवळत होतीस ना?"

तिने पोरीला जवळ ओढलं.

"न्हाय वो म्याडम. मी तर रोज सैल करत हुते." तिचा आवाज बारीक झाला. "पोरगी बरी व्हायलीय असं घरात वाटावं म्हनून… मलाबी वाटावं म्हनून. दुपारी सगळी निजली की वडून लांब करायची. आन् संध्याकाळी बगावं तर पयल्यापेक्षा आखूड. लई भ्या वाटलं, म्हनून तर अव्वांच्या पाया पडून तुमच्याकडं आनलं."

ती माळ मी अनेकदा उलटसुलट करून बघितलीय. आणि संशय घ्यायला आता माझ्याकडे कुणी उरलेलं नाही.