दर भाकरीला एक प्रश्न

सापगावात आमच्या शेजारची सून लग्नाआधी विज्ञानात राहिलेली दहावी यंदा पुन्हा देत होती. पुस्तक फळीवर मिटून ठेवायची आणि दर भाकरीला स्वतःलाच एक प्रश्न विचारायची. अडलं, तर भाकरी फुगेपर्यंत थांबायची. तरीही नाही आठवलं, तरच पुस्तक उघडायची. माझी जन्माची शिकवायची खोड! एकदा उत्तर सांगायला गेले, तर पिठाचा हात वर करून म्हणाली, "सांगू नका, बाई. आठवू द्या मला."

पेपर देऊन आली ती पडलेल्या चेहऱ्याने. "एक उत्तर आठवलंच नाय, बाई."

"जाऊ दे गो, झाला ना पेपर!"

संध्याकाळी डोकावले, तर भाकरी थापता थापता ती तोच प्रश्न स्वतःला विचारत होती. पुस्तक अजून फळीवर मिटलेलंच होतं.