भय्यासाहेबांचा मुजरा

आमच्या घरी पाहुणा आला की त्याची तीन दर्शनं ठरलेली: महाकाल, रामघाट आणि रेल्वे संग्रहालय. पहिली दोन तो स्वतःच्या इच्छेनं करतो. तिसरं माझे थोरले दीर भय्यासाहेब करवतात, त्यातून सुटका नाही.

तिथे छोट्या लाइनीचं, म्हणजे नॅरोगेजचं, इंजिन आहे, जुने कंदील आहेत. भय्यासाहेब तिकडे ढुंकूनही बघत नाहीत. ते थेट जुन्या संस्थानच्या महाराजांच्या खास डब्यात शिरतात. टोकाला दुधी काचेचं एक बंद दार. त्यासमोर चपला काढायच्या आणि वाकून तीनदा मुजरा करायचा.

"देखो, ही आमच्या पणजोबांची खोली," ते सांगतात. "खासगी कारभारी होते. त्यांच्याशिवाय महाराजांचं पान हलत नव्हतं."

वीज खात्यातून निवृत्त झालेला माणूस, पण त्या डब्यात आवाज एकदम दरबारी होतो. बँकेच्या मॅनेजरांपासून माझ्या नागपूरच्या मावशीपर्यंत सगळ्यांनी त्या दाराला मुजरे केलेत. मीही बावीस वर्षं करते आहे, हसू दाबून.

यंदा त्यांच्या नातीचं, मृण्मयीचं, लग्न ठरत आलं. मुलाचे आईवडील, कुसुमताई आणि विनायकराव, पुण्याहून घर बघायला यायचे होते. खासगी कारभाऱ्यांचं पुराण त्यांनी फोनवर चारदा तरी ऐकलं होतं.

मी खोडकर आहे, कबूल करते. आदल्या दिवशी भाजी आणायला निघाले आणि संग्रहालयात डोकावले. दुरुस्ती होऊन ते दार उघडलं होतं. आत पितळी नळ, टब आणि पांढरंशुभ्र कमोड. बाहेर नवी पाटी, 'महाराजांचे स्नानगृह'. घरी येऊन मी चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे डब्यात चढलो. विनायकरावांनी पाटी मोठ्यानं वाचली. मृण्मयीचा चेहरा उतरला, आणि मला माझीच लाज वाटली. भय्यासाहेबांनी मात्र शांतपणे चपला काढल्या आणि कमोडसमोर तीनदा मुजरा केला.

"अहो, हे तर न्हाणीघर आहे," कुसुमताई हळूच म्हणाल्या.

"मालूम आहे." भय्यासाहेबांचे कान लाल झाले होते. "पणजोबा इथे पाणी तापवायचे. कारभारी त्यांना मी केलं, चार लोकांत बरं दिसतं म्हणून. चालत्या गाडीत उकळतं पाणी सांडून दोन्ही हात भाजले होते त्यांचे. त्याच हातांनी आजोबांना शिकवलं. खोली त्यांचीच आहे, ते झूठ नाही. आता लग्नाचं तुम्ही ठरवाल तसं."

विनायकराव तिथेच खाली बसले. मग बुटांच्या नाड्या सोडू लागले.

"आमचे पणजोबा बॅरिस्टर होते, असं मी फोनवर म्हणालो होतो ना?"

"हां, बोलला होतात."

"बॅरिस्टरांकडे आचारी होते," विनायकराव म्हणाले, आणि अनवाणी उभे राहून त्यांनी मुजरा केला.

त्यांच्यानंतर मी वाकले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच माझा हात जमिनीला टेकला.