परसातले करकोचे

आमच्या घिवलीच्या घरामागे परस आहे आणि परसाच्या टोकाला एक खळगा. भरतीला त्यात खाडीचं पाणी शिरतं, ओहोटीला चिखल उरतो. लग्न होऊन इथे आले तेव्हापासून त्या चिखलात मी पांढरे बगळे बघत आले होते. त्यांचं आता काही वाटत नसे.

त्या रविवारी मी कामाला जाते त्या कुंभवलीच्या कारखान्याला सुट्टी होती. भादवा सरत आला होता. दुपारी मागचं दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. खळग्यात दोन पक्षी उभे होते, माझ्या कमरेएवढे. अंग काळं, पण ऊन पडलं की त्यावर जांभळी-हिरवी झाक चढे. मान पांढरी, पिंजलेल्या कापसासारखी. लांब लालसर पाय.

मी हळूच सासूबाईंना हाक मारली. त्या आल्या, बघितलं आणि दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. सारा जन्म समुद्राकाठी गेलेली ही बाई, तीही बघतच राहिली.

मग त्यांनीच पाहिलं. एक पक्षी पाऊल उचलताना अडखळत होता. दोन्ही पायांत दोरी गुरफटली होती.

"जाल्याची दोरी हाय," त्या म्हणाल्या. "निली. आपलीच."

नवऱ्याने जाळं दुरुस्त करून उरलेले तुकडे तिथेच तर टाकले होते.

सासूबाई गोणपाट आणि ब्लेड घेऊन खळग्यात उतरल्या. दुसरा पक्षी उडून कुंपणाच्या भिंतीवर बसला आणि चोचीवर चोच आपटू लागला, टक टक टक, लाकडावर लाकूड आपटावं तशी. अडकलेल्याने पंख उघडले. केवढे ते पंख! वाटलं, सगळं परस झाकलं जाईल. सासूबाईंनी त्याच्यावर गोणपाट टाकलं.

"चोच धर. घट नको धरू, आन सोडू बी नको."

मी गुडघाभर चिखलात बसून गोणपाटावरून एका हाताने चोच धरली, दुसऱ्याने अंग धरलं. एवढा मोठा जीव, पण अंगाला वजन म्हणून नव्हतं. काळीज मात्र असं धडधडत होतं की ते माझ्या मनगटापर्यंत पोचत होतं. सासूबाई ब्लेडने एकेक पीळ कापत होत्या. जाळी विणून कडक झालेली त्यांची बोटं इतकी हलकी चालताना मी कधी पाहिली नव्हती.

"झाला. आता बाजूला हो."

गोणपाट ओढलं. पक्षी लगेच पळाला नाही. तो सावकाश उभा राहिला, वर वर उंच होत गेला, आणि लाल डोळ्याने त्याने आमच्याकडे बघितलं. आम्ही दोघी चिखलात बसलेल्या, तो उभा. आम्हालाच आपल्या परसात परकं वाटावं, असा तो उभा होता. मग चार ढांगा टाकून त्याने पंख पसरले. त्या वाऱ्याने माझे केस उडाले. भिंतीवरचा त्याच्यामागे गेला. सासूबाईंनी नकळत हात जोडले होते.

संध्याकाळी नवरा होडीवरून आला. सगळं ऐकून हसला. "बगला असंल गो."

सासूबाईंनी त्याला दंडाला धरून परसात नेलं. भरती अजून चढली नव्हती. चिखलात त्या पक्ष्यांच्या पावलांचे ठसे होते. नवरा खाली बसला, एका ठशाशेजारी आपला पंजा पसरून टेकवला. ठसा जवळजवळ पंजाएवढाच होता.