तोंडावर खरं बोलणारा बाप

महाल भागातले कृष्णकांत धनु राशीचे. मनात येईल ते समोरच्याच्या तोंडावर फेकायचे आणि वर म्हणायचे, "आमची रासच तशी!" या फटकळपणापायी त्यांच्या लेकीची, ताराची, तीन स्थळं मोडली, एकांना तर त्यांनी तिचा दमाही आपणहून सांगून टाकला. चौथ्या वेळी बायकोने हातच जोडले, "आज तरी तोंड उघडू नका जी!"

मुलगा सावनेरचा, खाणीवर कारकून. निघताना तो कृष्णकांतांच्या पाया पडून उठला आणि भरदुपारी दारूचा भपकारा आला. ते गप्प राहिले.

पाहुणे गेल्यावर ताराने विचारलं, "बाबा, कसा वाटला तुमाले?"

"चांगला आहे वं."

तारा मोकळं हसली. "मंग माहा होकार कळवा. तुम्ही कधी खोटं नाही बोलत."