कर्नाळ्याच्या चढावर सायलेन्सरशिवाय

माझ्या धाकट्या भावाने आमच्या गाडीचा सायलेन्सर काढला तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता, लग्न झालेला होता आणि स्वतःला इंजिनियर म्हणवून घेत होता. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पोरवयातली चूक म्हणून कोणी त्याला सोडून देणार नाही.

गाडी वडिलांची. एसटीत ड्रायव्हर म्हणून जन्म काढल्यावर त्यांनी ही जुनी, छोटी पेट्रोल गाडी घेतली होती. नवीन पनवेलच्या आमच्या सोसायटीत रोज सकाळी ते ती पुसायचे आणि रविवारी आईला घेऊन पेणला मावशीकडे जायचे. वेगाच्या काट्याकडे त्यांनी कधी पाहिलं नाही. इंजिनाचा आवाज ऐकून गिअर टाकायचे. निवृत्तीनंतर त्यांचं म्हणून तेवढंच राज्य उरलं होतं.

भावासमोर कोन गावच्या एका गॅरेजवाल्याने ज्ञान पाजळलं. "सायलेन्सर म्हंजे इंजिनाचा गला दाबलेला हाय. तो काढू, मग पिकअप बगा, ॲव्हरेज बगा. काय नाय होत." आणि आमच्या इंजिनियरने मान डोलावली. चार वर्षं कॉलेजात काय केलं होतं, देव जाणे. सायलेन्सर निघाला, त्या जागी सरळ नळी लागली. गाडी सोसायटीत शिरली की तळमजल्यावरच्या काकू धाडकन खिडकी लावायच्या. भावाला तो आपला मान वाटायचा.

मग ॲव्हरेज काढण्याचा सोहळा झाला. निघताना त्याने टाकी गळ्यापर्यंत भरली, गाडी हलवून हलवून, वर पेट्रोल दिसेपर्यंत. पेणहून परत आल्यावर मात्र नोझल आपोआप बंद झालं तिथेच तो थांबला. साहजिकच पेट्रोल कमी मावलं आणि लिटरमागे तीन किलोमीटर वाढले. ते अख्ख्या सोसायटीला सांगून झालं. मी शेजारी बसलो होतो, मला सगळं दिसत होतं. तरी बोललो नाही, कारण ते तीन किलोमीटर मलाही हवे होते.

पुढच्या रविवारी वडील चालवायला बसले. आई पुढे, आम्ही दोघे मागे. शिरढोण गेलं, कर्नाळ्याचा चढ लागला. आवाज एवढा की इंजिन धापा टाकतंय की मजेत आहे, कळायला मार्ग नव्हता. कमी वेगात गाडीला ओढच उरली नव्हती. अर्ध्या चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, ती गचके खाऊन बंद पडली. मागे ट्रक हॉर्न वाजवत उभा. वडिलांनी घाईने पुन्हा सुरू केली, ती पुन्हा बंद पडली.

भाऊ मागून म्हणाला, "बाबा, गाडीला काही झालेलं नाही. तुमचं वय झालंय. उतरा, मी घेतो."

वडील उतरले. घाटाघाटांतून एसटी काढलेला माणूस माझ्या शेजारी येऊन बसला, हात मांडीवर ठेवून. भावाने पहिल्या गिअरमध्ये इंजिन बोंबलवत गाडी वर काढली आणि विचारलं, "बघितलंत पिकअप?" मी तेव्हाही गप्प बसलो.

दोन आठवड्यांनी मी एकटाच त्या चढावर गेलो. त्याच जागी, तिसऱ्यात, गाडी बंद पडली. निघताना आणि परतल्यावर, दोन्ही वेळा टाकी गळ्यापर्यंत भरून पाहिली, तर ॲव्हरेज सायलेन्सर होता तेव्हापेक्षाही खाली. फार अक्कल लागत नव्हती. धुराची मूळ नळी, सायलेन्सर आणि हवा-पेट्रोल मिसळणारा कार्ब्युरेटर यांचं कंपनीने एकमेकांशी जमवून दिलेलं होतं. त्यातलं एक उपटलं की बाकीचे बिघडणारच. वर आवाज नको म्हणून आम्ही काचा लावून एसी चालवायचो, आणि तोच आवाज हवा म्हणून भाऊ ॲक्सिलरेटर दाबून ठेवायचा.

कोनच्या त्या महापुरुषाने आमचा सायलेन्सर बाकड्याखाली टेकू म्हणून लावला होता. मी तो काढायला लावला आणि परत बसवून घेतला. भावाने मला घाबरट म्हटलं. कर्नाळ्याचा चढ गाडी तिसऱ्यात चढली, कुरकुर न करता.

घरी येऊन मी किल्ली वडिलांसमोर ठेवली आणि सगळं सांगितलं, टाकीचं आणि माझ्या गप्प बसण्याचंसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं. मग किल्ली माझ्याकडे सरकवली.

"राहू दे," ते म्हणाले. "गाडीला काही झालेलं नव्हतं. माझं वय झालंय."

पुढच्या रविवारी ते आईला घेऊन एसटीने पेणला गेले.